सहा नंबरचं पाणी

आमच्या गल्लीत त्यांना सगळे बाटलीवाल्या वहिनी म्हणतात. नव्या भाडेकरूंना त्याचा भलताच अर्थ लागतो आणि वहिनी तो कधी दुरुस्त करत नाहीत. दर तीन महिन्यांनी दोन दिवस त्या सकाळी सातला घराबाहेर पडायच्या. पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, खांद्यावर दोरीचं भेंडोळं, हातात निळी थंडपेटी. पेटीत चाळीस रिकाम्या बाटल्या एकमेकींवर आपटत असायच्या. कोपऱ्यावरचा न्हावी दुकानाचं शटर वर करता करता विचारायचा, "वहिनी, आज किती?" आणि वहिनी न थांबता म्हणायच्या, "चाळीस. लाल बुचाची एक ठेवू का तुम्हाला? तळाशी अ‍ॅसिड आहे, दाढी आपोआप निघेल."

काम पाण्याचं होतं. वस्तीपलीकडे कोळशाची खाण आहे, म्हणजे होती. कोळसा संपला आणि मागे उरला एक खड्डा, अख्खा बाजार त्यातल्या दुकानांसकट मावेल एवढा. वीजकेंद्राची राख डंपर भरभरून आणायची आणि त्या खड्ड्यात ओतायची, असं ठरलं. राख दिसायला निरुपद्रवी, पिठासारखी. पण पाऊस तिच्यातून झिरपतो आणि जाताना कोळशात जे काही होतं ते सोबत घेऊन जमिनीत उतरतो. ते कुठवर पोचलं हे कळावं म्हणून खड्ड्याभोवती आठ ठिकाणी जमिनीत नळ्या पुरलेल्या आहेत. दोन वरच्या अंगाला, सहा उताराच्या अंगाला. प्रत्येक नळीवर लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप. तीन महिन्यांतून एकदा झाकण उघडायचं, पाणी काढायचं, बाटल्यांत भरायचं आणि बर्फात ठेवून दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेला पाठवायचं.

हे काम आधी वहिनींचे सासरे करायचे. अकरा वर्षं केलं. मग त्यांचे गुडघे गेले आणि कंपनीनं घरातलंच कुणी असेल तर बघा म्हटलं. मुलगा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी आणि तेही झोपलेला. राहिल्या वहिनी.

त्यांच्या स्वभावाची ओळख कंपनीला पहिल्याच महिन्यात झाली. झाकणांच्या किल्ल्या पुरुष कामगारांच्या कपडे बदलायच्या खोलीत खिळ्याला टांगलेल्या असत. वहिनींनी दाराशी उभं राहून कुणी बाहेर येण्याची वाट बघायची, असा शिरस्ता पडू लागला. दोनदा त्या थांबल्या. तिसऱ्यांदा दार वाजवून म्हणाल्या, "मी दहापर्यंत मोजते आणि आत येते. ज्याला पँट चढवायची त्यानं चढवा." आणि दहा मोजून खरोखरच गेल्या. दुसऱ्या दिवशी खिळा बाहेरच्या भिंतीवर आला.

घरात भांडण वेगळं होतं, बर्फाचं. नमुने थंड ठेवायच्या निळ्या विटा वहिनींच्या फ्रीजच्या वरच्या खणात कायमच्या मुक्कामाला. सासूबाईंना मटार ठेवायला जागा नाही. "मी मेले की मलाही तिथेच ठेवा," त्या म्हणायच्या, "विटांतून जागा उरली तर." वहिनी म्हणायच्या, "आई, तुम्ही मावणार नाही, कोपरं बाहेर येतील." दोघींचं चांगलं होतं.

काम शिकवलं सासऱ्यांनी. झाकण उघडायचं, मोजायची फीत खाली सोडायची, तिचं टोक पाण्याला टेकलं की ती शिट्टी वाजवते, आकडा लिहायचा. मग पोहरा सोडायचा. पोहरा म्हणजे हातभर लांबीची बारीक नळकांडी, खाली झडप, वर दोरी. एका खेपेला एक लिटर येतं. पाणी बाटल्यांत भरायचं, लाल बुचाची बाटली ओसंडू द्यायची नाही, नाहीतर अ‍ॅसिड जातं. शेवटी कागद. कागदावर एक रकाना होता: नमुन्याआधी उपसा, तिप्पट. वहिनींनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, हे काय. सासरे म्हणाले, "तिथे 'झाला' लिहायचं." घरातल्या मोठ्यांनी सांगितलेल्या गोष्टींपैकी निम्म्या गोष्टींवर वहिनींनी लग्न झाल्यापासून वाद घातला असेल. नेमकी ही त्या निम्म्यात नव्हती. सहा वर्षं त्यांनी आठही नळ्यांसमोर सुवाच्य अक्षरात 'झाला' लिहिलं.

मागच्या वर्षी प्रयोगशाळेत एक नवी बाई आली. तिचा फोन दुपारी आला, वहिनी कपडे वाळत घालत होत्या. बाईनं जुने आकडे काढून मांडले होते आणि तिला काही उमजत नव्हतं. शेवटी म्हणाली, "ताई, रागावू नका, पण तुमच्या सहा नंबरमधून सहा वर्षं पावसाचं पाणी येतंय. जमिनीत इतकं स्वच्छ पाणी नसतंच. पाऊस बाटलीत भरून पाठवता का?"

वहिनी रागावल्या. तिला म्हणाल्या की खुर्चीत बसून बोलणं सोपं असतं, एकदा उन्हात येऊन बघा. फोन ठेवला. त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी जपून बोलावं अशी हवा होती. मोलकरीण असती तर सोडून गेली असती. मोलकरीण नव्हती म्हणून भांडी आपटली गेली. दुसऱ्या दिवशी वहिनींनीच फोन लावला आणि कसलीही प्रस्तावना न करता विचारलं, "उपसा म्हणजे नक्की काय?"

बाईनं नीट समजावलं. सुट्टीवरून घरी आलो की आपण नळ उघडून थोडं पाणी जाऊ देतो, लगेच तांब्या लावत नाही. का, तर ते पाणी पाइपात उभं राहून शिळं झालेलं असतं. तसंच इथे. नळीत जेवढं पाणी उभं आहे त्याच्या तिप्पट उपसून टाकायचं, तेव्हा कुठे जमिनीतलं ताजं पाणी नळीत शिरतं. ते बाटलीत भरायचं. त्याआधीचं पाणी म्हणजे नळीचं पाणी, जमिनीचं नव्हे. आणि सहा नंबरच्या झाकणाचं रबर गेलं असेल तर वरून पाऊस आत जात असणार, तो वरचा थर तुमच्या पोहऱ्यात येत असणार.

झाकणाचं रबर गेलेलं होतं. वहिनींना ते माहीत होतं. त्यांनी ते दोनदा लिहूनही दिलं होतं.

त्यांनी मुलीच्या वहीचा कागद घेऊन हिशेब केला. दोन इंची नळी, मीटरला दोन लिटर. सहा नंबरमध्ये बारा मीटर पाणी उभं असतं, म्हणजे चोवीस लिटर. तिप्पट बहात्तर. पोहऱ्यात मावतं एक. म्हणजे बावीस मीटर खोलीवरून बहात्तर वेळा दोरी ओढायची, आणि ही आठांतली एक नळी. कागदाकडे बघता बघता त्यांना कळलं की 'झाला' हा शब्द कुठून आला.

पुढच्या फेरीला त्यांनी दोनाऐवजी पाच दिवस मागितले. पर्यावरण विभागाचे साहेब, ज्यांच्या हाताखाली त्या होत्या, त्यांनी तीन दिले आणि कारण विचारलं नाही. वहिनींनी सहा नंबर पहिला घेतला. सहा नंबर सगळ्यांत खाली, तारेच्या कुंपणाला लागून. कुंपणापलीकडे तीनशे पावलांवर खालची वस्ती सुरू होते. वस्तीच्या तोंडाशी हातपंप आहे आणि पंपापासून तिसरं घर त्यांच्या नणंदेचं.

त्यांच्याकडे पेनएवढा एक मीटर होता, पाण्यात बुडवला की पाण्यात किती क्षार विरघळलेत याचा आकडा दाखवणारा. पहिला पोहरा, दोनशे नव्वद. दहावा, तीनशे दहा. प्रयोगशाळेतल्या बाईला चार शब्द सुनावायला मिळणार म्हणून वहिनींना बरं वाटायला लागलं होतं. विसाव्याला सहाशे चाळीस झाले. त्यांनी मीटर पुसून पुन्हा बुडवला. तिसाव्याला हजारावर गेले. हातमोज्याच्या आत तळव्याला फोड आला, तो चाळिसाव्याला फुटला. पन्नासाव्या पोहऱ्याला एकवीसशे. मग आकडा हळूहळू चढत गेला आणि सत्तावीसशे पन्नासवर येऊन थांबला. पुढचे पाच पोहरे तिथेच. पाण्याला वास नव्हता. रंग नव्हता. उजेडात धरलं तर पाहुण्यापुढे ठेवावं असं नितळ होतं, आणि वहिनी मला म्हणाल्या की त्याचाच त्यांना सगळ्यांत जास्त राग आला.

प्रयोगशाळेचा कागद बारा दिवसांनी आला. बाकीच्या नळ्या थोड्या वर सरकल्या होत्या, पण मर्यादेत. सहा नंबरमध्ये आर्सेनिक पिण्याच्या मर्यादेच्या तिप्पट होतं.

साहेबांनी बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हे, हे वहिनी आजही सांगतात. आवाज चढवत नाहीत, ताई म्हणतात, आधी खुर्ची देतात. त्यांनी नियम सांगितला. आकडा मर्यादेबाहेर गेला की दहा दिवसांत त्याच नळीचा दुसरा नमुना घ्यायचा. दुसरा ठीक आला तर पहिला 'नमुना घेण्यातली चूक' म्हणून रद्द होतो. दुसराही तसाच आला तर उताराच्या बाजूला राख टाकणं बंद, आणि खालच्या वस्तीला दुसरं पाणी द्यावं लागतं.

"तर दुसरा घ्या," साहेब म्हणाले. "नेहमीसारखा घ्या."

"नेहमीसारखा म्हणजे कसा?"

साहेबांनी टेबलावरची दोन पेनं एका रेषेत लावली. "सहा वर्षं घेता तसा."

वहिनी उठल्या आणि जाऊन दुसरा नमुना घेतला. बहात्तर पोहरे उपसून.

त्या दिवशी नणंदेनं त्यांना कुंपणापलीकडून पाहिलं. चहाचा थर्मास घेऊन आली, तारेतून कप आत दिला आणि म्हणाली की अख्ख्या वस्तीत चर्चा आहे, बाटलीवाल्या वहिनी दोन तास एकाच भोकातून पाणी काढून मातीत ओततायत, उन्हानं डोकं फिरलं की काय. वहिनींना आकडे बाहेर सांगायची परवानगी नव्हती. तसा कागद त्यांनी सही करून दिलेला होता. त्या चहा प्यायल्या. मग म्हणाल्या, "आजपासून पंपाचं पाणी धुण्याभांड्यालाच घे. प्यायला आणि स्वयंपाकाला आमच्याकडून ने. का ते विचारू नको."

नणंदेनं कप परत घेतला. "विचारू नको म्हणालीस, म्हणजे सांगितलंसच की." आणि जाताना, वळून न बघता, "शेजारणीला सांगू का तेवढं सांग."

"मी तुला काहीच सांगितलं नाही," वहिनी म्हणाल्या. "जे सांगितलं नाही ते तू कुणालाही सांग."

दुसरा आकडा पहिल्याच्या जवळपास आला, किंचित वरच. आता साहेबांनी चहाही मागवला. त्यांच्यापुढे जाडजूड फाईल उघडी होती. ते म्हणाले, "ताई, एका बाजूला हे दोन आकडे. दुसऱ्या बाजूला सहा नंबरचे सतरा वर्षांचे अडुसष्ट. अडुसष्टच्या अडुसष्ट कागदांवर लिहिलंय, उपसा झाला. चोविसांवर तुमची सही आहे, चव्वेचाळिसांवर तुमच्या सासऱ्यांची. हे दोन खरे धरले तर ते अडुसष्ट खोटे. ते खरे धरले तर या दोन वेळा बाटली खराब होती, हात खराब होता, काहीतरी खराब होतं. मी काहीच सुचवत नाही. तुम्ही ठरवा."

आणि त्यांनी एक छापील कागद पुढे सरकवला. नमुना घेण्यातली चूक. कारण आधीच टाइप केलेलं होतं, बाटलीतला दोष. खाली सहीची रेघ. शुक्रवारी अहवाल सरकारकडे जाणार होता.

वहिनींनी कागदाची घडी करून बुटात खोचली. रबरी बुटाच्या वरच्या काठात त्या किल्ल्या, पेन, सुटे पैसे सगळंच खोचायच्या.

"इथेच करा ना सही," साहेब म्हणाले. "दोन ओळी आहेत."

"दुसऱ्या सहीचा मालक घरी बसलाय," वहिनी म्हणाल्या. "त्यांना विचारायला हवं."

बाबा, म्हणजे सासरे, स्वयंपाकघरात खिडकीपाशी खुर्चीत बसलेले असतात. सासूबाई शेंगा सोलत होत्या. वहिनींनी बूटही न काढता टेबलावर कागद ठेवला आणि सगळं सांगितलं. नळाचं उदाहरण दिलं, आकडे सांगितले, कुणाच्या किती सह्या तेही. मग विचारलं, "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

बाबांनी कागद स्वतःकडे ओढला. मग बोलायला लागले ते पंपाबद्दल. पहिल्या वर्षी पंप होता. बॅटरीवर चालणारा, छोटा, वीस मिनिटांत नळी उपसून द्यायचा. त्या वर्षी उपसा खरोखरच होत होता. मग पंप बिघडला. दुरुस्तीला गेला. तेव्हाचे साहेब, आत्ताचे नव्हेत, म्हणाले की पंप येईपर्यंत नुसतं लिहा. बाबांनी लिहिलं. पंप आला नाही. बाबांनी दोन वर्षं विचारलं, मग विचारणं सोडलं, आणि लिहायची सवय तेवढी राहिली.

"म्हणजे माहीत होतं."

"पंप येईपर्यंतच होतं ते," बाबा म्हणाले.

वहिनी म्हणाल्या की त्या या छापील कागदावर सही करणार नाहीत. त्या स्वतःच्या हातानं लिहून देणार, की हे दोन आकडे खरे आहेत आणि आधीचे अडुसष्ट उपसा न करता घेतलेत. बाबांचा पंपाचा पहिला वर्षभराचा काळ सोडून.

बाबा भडकले. अकरा वर्षं उन्हापावसात कुणाच्या बापानं पाणी काढलं, म्हणाले. निरोप देताना कंपनीनं घड्याळ दिलंय, ते परत करू का, म्हणाले. तुझं तू लिही, माझं नाव त्यात आलं तर या घरात मी जेवणार नाही, म्हणाले. वहिनींनीही आवाज चढवला. त्यांनी विचारलं की सुनेला काम शिकवताना खोटं कुठलं आणि खरं कुठलं हे वेगवेगळं सांगायला काय झालं होतं. आमची घरं शेजारी आणि भिंती पातळ आहेत. मी हे सगळं ऐकलं आणि ऐकण्यात चूक नको म्हणून नंतर वहिनींना विचारलंही.

सासूबाई शेंगा सोलतच होत्या. भांडण जरा दमल्यावर त्यांनी विचारलं, "अहो, आपली पोरगी राहते कुठे?"

बाबा भिंतीचा आधार घेत उठले, आतल्या खोलीत गेले, बराच वेळ तिथे होते. वहिनींनी बूट काढले. बुटांची माती जमिनीवर पडली होती ती पुसली. बाबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या नाकावर चष्मा होता.

"चुकलो असं लिहायचं नाही," ते म्हणाले. "पंप आला नाही, असं लिही."

"दोन्ही लिहिते."

"दोन्ही कशाला?"

"पंप आला नाही हे त्यांचं," वहिनी म्हणाल्या. "'झाला' लिहिलं हे आपलं. एकच लिहिलं तर ते दुसरं शोधून काढतील आणि आपल्या तोंडावर मारतील."

बाबांनी विचार केला. खाणीत आयुष्य काढलेल्या माणसाला हा मुद्दा पटण्यासारखा होता. त्यांनी पंप दुरुस्तीला गेल्याचा महिना आठवून सांगितला, वर्ष सांगितलं, ज्या माणसाच्या हातात दिला त्याचा हुद्दा सांगितला. हे सगळं घाल म्हणाले. वहिनींनी घातलं. बाबा सही करायला लागले तेव्हा सासूबाईंनी टेबल धरून ठेवलं. टेबल हलत नव्हतं, पण धरलं.

वहिनींनी दोन प्रती काढल्या. एक त्यांनी नमुन्यांच्या कागदांबरोबर थेट प्रयोगशाळेला पाठवली, कारण त्या बाईनं सांगितलं होतं की पाणी काढणाऱ्यानं पद्धतीबद्दल लेखी दिलेलं काहीही अहवालाला जोडावंच लागतं, ते कुणाला काढता येत नाही. दुसरी शुक्रवारी सकाळी साहेबांच्या टेबलावर ठेवली. सोबत तो छापील कागद, कोरा, बुटाच्या काठानं जरा चुरगळलेला.

साहेबांनी वाचलं. दोनदा वाचलं.

"ताई, यात तुम्ही दुसऱ्या कुणाला नाही, स्वतःलाच अडकवलंय."

"हो."

"खोट्या नोंदी केल्या असं तुमच्याच अक्षरात आहे. यावर मला काहीतरी करावं लागेल. मला आवडो न आवडो."

"करा ना," वहिनी म्हणाल्या. "मी थांबवायला आले नाही. फक्त काय कराल ते सहा नंबरचा आकडा तिथेच ठेवून करा."

"तुम्हाला वाटतं यानं काही बदलेल?"

"ते अहवाल वाचणाऱ्यांना विचारा. मी पाणी काढते, त्यांच्या मनातलं काढत नाही."

आकडा राहिला. दुसरा नमुना जुळला होता, पद्धत लेखी होती, रद्द करायला कारणच उरलं नाही. महिन्याभरात उताराच्या बाजूचे डंपर थांबले. हातपंपाचा दांडा काढून नेला आणि वस्तीच्या तोंडाशी रोज सकाळी पाण्याचा टँकर येऊ लागला, साडेआठचा साडेनवाला. नणंद म्हणते, आर्सेनिक बरं, निदान वेळेवर यायचं. सहा नंबरच्या झाकणाला नवं रबरही बसलं.

वहिनींना काढलं. खोट्या नोंदी, स्वतःच्या लेखी कबुलीवरून. चौकशीला तीन जण बसले होते. काही म्हणायचंय का, असं त्यांनी विचारलं. वहिनी म्हणाल्या, लिहिलंय ते खरं आहे, त्यात भर घालायची तर पंप अजून आलेला नाही एवढीच घाला. किल्ल्या त्यांनी टेबलावर ठेवल्या. बाबांच्या पेन्शनला हात लावायची भाषा एकानं केली. त्यावर बाबांनी चिठ्ठी पाठवली की मला बोलवा, पंप कुणाच्या कपाटात आहे ते मी येऊन दाखवतो. त्यांना बोलावलं नाही. पेन्शन चालू आहे. आता वहिनी सकाळी बेकरीत हिशेब बघतात आणि फ्रीजच्या वरच्या खणात मटार आहेत.

पुढच्या तिमाहीला नवा माणूस आला. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, स्वभावानं गरीब. सकाळीच नणंदेनं फोन करून कळवलं आणि वहिनी बेकरीतून रजा काढून खालच्या वस्तीत गेल्या. कुंपणाबाहेरची जमीन कंपनीची नाही. तिथे त्यांनी नणंदेकडची खुर्ची टाकली. टँकरची वाट बघणाऱ्या सात-आठ बायका भांडी घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या.

नव्या माणसानं झाकण उघडलं, फीत सोडली, शिट्टी वाजली, आकडा लिहिला. पोहरा सोडला, ओढला आणि पाणी मातीत ओतलं.

"एक," वहिनी म्हणाल्या.

त्यानं वर बघितलं. दुसरा काढला. "दोन." तिसरा. "तीन." चौथा पोहरा वर आला तसा त्यानं थंडपेटी उघडली आणि लाल बुचाच्या बाटलीकडे हात नेला.

"भाऊ, ते शिळं आहे," वहिनी कुंपणाबाहेरून म्हणाल्या. "चार."

बाटली हातात धरूनच तो म्हणाला की त्याला साहेबांनी सांगितलंय, नेहमीसारखं घ्या.

"बरोबर सांगितलंय. नेहमीसारखं म्हणजे बहात्तर. गेल्या दोन वेळचे कागद बघा, माझ्या अक्षरात आहेत. पण हातमोजे दुहेरी घाला, नाहीतर चाळिसाव्याला फोड फुटतो."

त्यानं बायकांकडे बघितलं, कुंपणाकडे बघितलं, दोरीकडे बघितलं. "तुम्ही रोज येणार का काकू इथे?"

"रोज कशाला? तुम्ही याल तेव्हा. तीन महिन्यांतून एकदा."

त्यानं बाटली पेटीत ठेवली, खिशातून दुसरे हातमोजे काढले, पहिल्यांवर चढवले आणि पोहरा खाली सोडला.

"पाच," मागून नणंद म्हणाली, आणि सहाव्याला बाकीच्या बायकाही मोजायला लागल्या.